वनातील छायाचित्रांचे दप्तर

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वाघाला मात्र अशा सीमा ठाऊक नसतात. ‘सीटी-१’ या नावाने ओळखला गेलेला वाघ वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा या भागांत वावरला. त्याच्या हल्ल्यांत १३ जणांचे प्राण गेले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात त्यास जेरबंद करण्यात आले. अशा प्रसंगी हल्ला करणारा वाघ नेमका कोणता, हे ठरविणे हे पहिले काम असते. त्यासाठी स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेली छायाचित्रे मोलाची ठरतात.

प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टेही सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बसवितात. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे टिपली; त्यांपैकी वाघांची ७६,६५१ होती. या राशीतून हवे ते छायाचित्र वेळेवर हाती यावयाचे, तर त्यांचे दप्तर नीट लावलेले हवे.

सारख्या नावांचा घोळ

अनेक कॅमेरे छायाचित्रांना एकपासून क्रमांक देतात. त्यामुळे दहा कॅमेऱ्यांत एकाच नावाच्या दहा फाइली तयार होतात. त्या क्लाउड साठवणीतील एकाच फोल्डरमध्ये टाकल्या, तर काही सेवांत जुन्या फाइलची जागा नवी घेते, तर काहींत नावापुढे केवळ आकडा लागतो. दोन्ही प्रकारांत छायाचित्र कोठले, हे कळेनासे होते.

यावर उपाय म्हणजे फोल्डरांची उतरंड. वनविभाग, त्याखाली परिक्षेत्र, नियतक्षेत्र, कॅमेऱ्याचे ठिकाण, डावा वा उजवा कॅमेरा आणि शेवटी मेमरी कार्ड काढल्याचा दिनांक, असा क्रम ठेवावा. दिनांकात वर्ष आधी, मग महिना व दिवस लिहिल्यास फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतात. कॅमेऱ्यातील घड्याळ मात्र बसवितानाच तपासलेले असावे.

वाघाची स्वतंत्र नोंद

केवळ स्थळवार मांडणीत तीन वनविभागांत फिरणारा वाघ तीन ठिकाणी विखुरला जातो. यास्तव मूळ छायाचित्रे जागची हलवू नयेत. ओळख पटलेल्या प्रत्येक वाघाचे वेगळे फोल्डर करून त्यात निवडक प्रती ठेवाव्यात. प्रतीच्या नावात मूळ ठिकाण व दिनांक असावा, म्हणजे शंका आल्यास मुळाशी पडताळता येते.

दक्षता

क्लाउडशी जोडलेल्या संगणकावर फोल्डर पुसले गेल्यास ते क्लाउडवरूनही नाहीसे होऊ शकते. म्हणून एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असावी. फोल्डरच्या नावातूनच वाघाचा ठावठिकाणा कळत असल्याने ते पाहण्याची मुभा नेमक्या व्यक्तींनाच द्यावी. सर्वांसाठी खुला केलेला दुवा शिकाऱ्याच्याही हाती पडू शकतो.

चुकीच्या फोल्डरात पडलेले एक छायाचित्र चुकीच्या वाघास पिंजऱ्यात धाडू शकते आणि हल्ले करणारा वाघ रानात मोकळा राहतो. त्याच रानात पहाटे मोहफुले वेचण्यास व तेंदूपाने तोडण्यास माणसे जात असतात. त्यांच्या जिवाची काळजी या दप्तराच्या शिस्तीशीही निगडित आहे.