पेपर, मिरी आणि पथारीवरची मिरची

हिवाळ्यात नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचे वाफेच्या वाफे उन्हात पसरलेले दिसतात. बाजारात लिलाव झालेली ओली मिरची इथे वाळते, देठं खुडली जातात, आणि वारा फिरला की तोंडाला फडकं बांधलेल्या मजूर बायकांनाही ठसका लागतो. या मिरचीला इंग्रज 'पेपर' का म्हणतो, यावर ठरलेलं उत्तर मिळतं: कोलंबस वाट चुकला, आपण हिंदुस्थानात पोचलो असं त्याला वाटलं, समोर आलेल्या तिखट फळाला त्याने मिरी म्हटलं आणि ती चूक युरोपला कायमची चिकटली. तो मिरीच्या शोधात होता, हे खरंच आहे. मिरीचं मोल तसं होतंच. ४०८ साली रोमला वेढा घालून बसलेल्या अलारिकने खंडणीत सोन्याचांदीबरोबर ३,००० पौंड मिरी मागितली होती. १४९२ नंतर स्पॅनिश लोकांनी मिरीच्या 'पिमिएंता'वरून नव्या फळाला 'पिमिएंतो' केलं, हेही खरं. पण नाव पडलं ते वाट चुकल्यामुळे, हे मात्र पटत नाही.

कारण आपण कुठे वाट चुकलो होतो? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर मिरची या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा अस्सल मिरी इथल्या मसाल्याच्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. दोन्हींत गल्लत होणं शक्यच नव्हतं. वेलीवरचा काळा दाणा कुठे आणि झुडपाला लोंबणारी लाल शेंग कुठे! तरीही मराठीने 'मिरी'च्याच घराण्यातलं 'मिरची' हे नाव दिलं. दोन्हींचं मूळ संस्कृत 'मरीच'. नंदुरबारच्या शेजारच्या गुजरातीत 'मरी' आणि 'मरचां', तमिळमध्ये 'मिळगु' आणि 'मिळगाय', कन्नडमध्ये तर 'मेणसिनकायि', म्हणजे सरळ मिरीचं फळ. इतक्या भाषांनी एकच चूक केली असं म्हणण्यापेक्षा, त्यांनी रूपाकडे न पाहता जिभेच्या आगीवरून नाव ठेवलं, असं म्हणणं जास्त सयुक्तिक आहे.

यावर आक्षेप येतो: नाव जर संस्कृत, तर मिरची इथलीच, प्राचीन असली पाहिजे. पण चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांतलं 'मरीच' म्हणजे मिरी. आयुर्वेदाचा त्रिकटू सुंठ, मिरी आणि पिंपळीचा; त्यात मिरचीला जागा नाही. मिरचीचं सगळं कुळ अमेरिकेतलं. नात्याने ती वांग्या-टोमॅटोची बहीण, मिरीची कोणीच नाही. नाव जुनं म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. खुद्द 'पेपर' हा शब्दच त्याचा पुरावा आहे. तो मूळचा इंग्रजी नाहीच. संस्कृत 'पिप्पली' इराणी भाषांमार्गे ग्रीकमध्ये 'पेपेरि', लॅटिनमध्ये 'पिपेर' झाली आणि तिथून इंग्रजीत गेली. पिप्पली म्हणजे आपली लांबट पिंपळी. म्हणजे काळ्या मिरीलाही हे नाव उसनंच मिळालं, आणि तेही कोलंबसाच्या दीड हजार वर्षं आधी.

'चिली' दक्षिण अमेरिकेतल्या त्या लांबट देशावरून आला, हा समजही असाच. तो शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेचा. देशाच्या नावाशी त्याचा संबंध नाही, आणि गारठ्याच्या 'चिली'शी तर मुळीच नाही.

मराठीने एक 'ची' जोडून मिरी-मिरचीचा घोटाळा मिटवला. हिंदीला अजून 'काली' की 'लाल' ते सांगावं लागतं. इंग्रजीने सगळंच एका शब्दात कोंबलं. (मराठी माणसाला 'पेपर' म्हटलं की आधी परीक्षा आठवते, तो 'पेपर' पपायरसचा, त्याची गोष्ट वेगळी.) ब्रिटिश पाककृतीत 'रेड पेपर' म्हणजे बहुधा लाल ढबू मिरची, अमेरिकन पाककृतीत ती वाळकी, भरडलेली तिखट मिरचीही असू शकते, हे न पाहता स्वयंपाक करणाऱ्याची फजिती ठरलेली. 'पेपरमिंट' हा पुदिन्याचाच एक प्रकार, झोंबतो म्हणून 'पेपर'. हुरूप चढवणाऱ्या 'पेप टॉक'मधला 'पेप' म्हणजे याच शब्दाचा तुकडा. आणि 'पेपर स्प्रे'त मिरीचा कणही नसतो. डोळ्यांची आग होते ती कॅप्सेसिनने, पथारीवरच्या त्या ठसक्यामागेही तेच असतं.