चैत्री चंद्र, अवकाळी आभाळ

चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, संगमनेरच्या रथाचा दोर आधी बायकांच्या हाती असतो. २३ एप्रिल १९२९ रोजी ब्रिटिश पोलिसांनी मिरवणूक अडवली, तेव्हा गावातल्या स्त्रियांनीच रथ पुढे ओढून नेला. तेव्हापासून तो मान त्यांचाच.

दर चैत्र पौर्णिमेला सूर्य मावळण्याच्या सुमारास प्रवरेकाठच्या या गावाला पूर्वेकडे पूर्ण चंद्र दिसतो. आसपास चित्रेचा निळसर तारा असतो. चैत्राला नाव मिळालं ते या ताऱ्यावरून.

चंद्र ठरल्या वेळी उगवतो, दिसेलच याची मात्र खात्री नाही. मार्च-एप्रिलमध्ये जमीन तापते आणि समुद्राकडून दमट वारे आले की दुपारनंतर ढगांचे मनोरे चढतात. मग विजा, वादळ, कधी गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रातले शेतकरी विसरलेले नाहीत. उन्हाळी कांदा काढणीला आलेला असताना तर नजर सारखी आभाळाकडे जाते.

चंद्रावरून हवाही वाचता येते. क्षितिजाजवळ तो तांबूस दिसतो, कारण तिथून येणारा प्रकाश हवेचा जाड थर ओलांडताना निळा रंग गमावतो. धुळीने ही लाली आणखी गडद होते. वळिवाची सर धूळ खाली बसवून गेली, की तोच चंद्र लख्ख पांढरा. भोवती मोठं खळं पडलं, तर उंचावर बर्फकणांचे विरळ ढग आले आहेत असं समजावं. असे ढग कधी कधी बिघडणाऱ्या हवेच्या पुढे चालतात, म्हणून खळं दिसलं की पाऊस येणार हा जुना अंदाज अगदीच निराधार नाही.

हौशी निरीक्षकांना मात्र पौर्णिमा गैरसोयीची. समोरून पडणाऱ्या उन्हात चंद्रावरच्या विवरांच्या सावल्या जवळजवळ नाहीशा होतात आणि चांदण्यात मंद तारे बुडतात. चांदण्याची आणि ढगांची अडचण सगळ्याच दुर्बिणींना सारखी नसते; पुणे-नाशिक रस्त्याच्या पट्ट्यातल्या दोन वेधशाळांत हा फरक दिसतो. घोडेगावजवळ गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे; तिला निरभ्र आकाश लागतं. नारायणगावजवळच्या खोडदला केंद्र असलेल्या ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रेडिओ लहरी टिपतात. त्यांना ना चांदण्याची अडचण, ना साध्या ढगांची.

घरच्या दुर्बिणीसाठी शुक्ल अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ निवडावी. ढग दाटलेच तर उशिरापर्यंत थांबावं. उन्हाने चढलेले ढग रात्री बऱ्याचदा विरतात.