हगाम्याचा प्रेक्षक

कुस्तीवर लिहिणारे बहुधा पैलवानांवर लिहितात. त्यांचा खुराक, त्यांच्या तालमी, त्यांचे डाव यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. प्रस्तुत लेखात आखाड्याच्या कडेला बसणाऱ्या माणसाचा विचार करावयाचा आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा भरतात. पहिल्या दिवशी पालखी, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा हगामा, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. डोक्यावर ऊन, बसायला ढेकळे, आणि तरीही माणसे तीन-तीन तास जागची हलत नाहीत. गावात असेपर्यंत ह्यात मला काही विशेष वाटले नव्हते. कॉलेजात आल्यावर एका ठिकाणच्या आंतरमहाविद्यालयीन कुस्त्या पाहिल्या. पैलवान चांगले होते, गादी नवी होती, आणि प्रेक्षक म्हणून खेळाडूंच्या पिशव्या सांभाळणारे आठ-दहा जण होते. तेव्हा हा प्रश्न पडला.

प्रथम काळाचा विचार करू. चैत्रात रब्बीची ज्वारी आणि गहू घरात आलेला असतो. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडीला गेलेली माणसे कारखान्यांचे पट्टे पडल्यावर परतलेली असतात. वर्षातून एकदाच सगळा गाव गावात असतो आणि हातात थोडा पैसा असतो. (मोहटादेवीच्या यात्रेतल्या कुस्त्या मात्र नवरात्रानंतर होतात, त्या सुमाराला ऊसतोडीची माणसे अजून घरीच असतात.)

हगाम्याचे इनाम गावाच्या वर्गणीतून येते. म्हणजे कडेला बसलेल्या माणसाच्या खिशातलेच ते पैसे असतात, आणि त्याला ते पक्के ठाऊक असते. सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. सात-आठ वर्षांची पोरे लंगोट सावरत मातीत उतरतात, आणि जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडतात. मग नारळावरच्या कुस्त्या, मग एकावन्न, एकशे एक असे आकडे चढत जातात आणि त्याबरोबर गर्दीही वाढते. म्हातारी माणसे मात्र रेवड्यांपासूनच बसलेली असतात. कोणाचा नातू अंगाने कसा भरतो आहे, पट काढताना मान कुठे ठेवतो, हे त्यांना पाहायचे असते. खरे दर्दी हेच, असे माझे मत आहे.

ह्यानंतर जोड लावण्याचा प्रकार येतो, आणि माझ्या मते हगाम्याचे मर्म तिथे आहे. इथे वजनकाटा नसतो, चिठ्ठ्या नसतात. दोन गड्यांचे हात धरून पंच त्यांना आखाड्याभोवती फिरवतात आणि इनामाचा आकडा पुकारतात. पुढे हलगी चालते. लोक दोघांना न्याहाळतात. एक जण वयाने थोराड दिसला तर चहूकडून ओरडा होतो, “जोड होत नाही! सोडवा!” आणि जोड मोडावी लागते. उलट जोड तोलाची वाटली, तर एखादा फेटेवाला उभा राहून सांगतो की ह्या कुस्तीला माझे शंभर वाढवा. कर्ण्यावरून त्याचे नाव पुकारले जाते. कोणती कुस्ती व्हावी आणि ती कितीची व्हावी, ह्या दोन्ही गोष्टींत बघणाऱ्याचा असा हात असतो.

कुस्ती लागली की हलगी बदलते. गडी नुसते हात झटकत असतील तर ती संथ चालते. ढाक किंवा घिस्सा पडतो आहे असे दिसताच कडाडू लागते. लांब झाडावर बसलेल्या माणसाला मातीतले दिसले नाही, तरी हलगीवरून कळते. वेळ फार गेला आणि कोणी डाव टाकीना, तर लोक कुजबुजू लागतात की कुस्ती ठरवून आणलेली आहे. अशी कुस्ती लोकांपासून लपत नाही. पाठ लागली की दोरीबाहेरचे सारे आत घुसतात. मग विजयी गडी मातीने माखलेल्या अंगाने कडेकडेने फिरतो, कोणी दहाची, कोणी पन्नासची नोट त्याच्या हातात ठेवतो, पाठीवर थाप मारतो. ती माती सदऱ्याला लागलेली घेऊनच माणसे घरी जातात.

गादीवर हे सगळे पालटते. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती संपली. खेळाडूच्या दृष्टीने हे अधिक न्याय्य आहे, हे मान्य केले पाहिजे. ऑलिंपिकचा रस्ता गादीवरूनच जातो. परंतु बघणाऱ्याने करावे असे तिथे काही उरत नाही. गुण का दिला हे ज्याला कळत नाही, तो फलकाकडे पाहत राहतो. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याच शहरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली आणि पृथ्वीराज मोहोळ विजयी झाले. शिवराज राक्षे यांच्याशी झालेल्या त्यांच्या गादीवरील लढतीत खांदे टेकले की नाही, यावरून मोठा वाद झाला. पुढे कित्येक दिवस आमच्या एस. टी. त लोक मोबाइलवर तोच क्षण थांबवून थांबवून पाहत होते. पंच होण्याची लोकांची हौस गेलेली नाही, एवढे त्यावरून दिसले.

कॉलेजच्या खेळाला माणसे येतच नाहीत, असेही नाही. अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल संघ वसंत ऋतूत आपल्याच खेळाडूंचे दोन गट पाडून सरावाचा सामना खेळतात. त्यात ना चषक, ना प्रतिस्पर्धी. तरीही २०१६ च्या एप्रिलमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अशा सामन्याला १,००,१८९ प्रेक्षक होते. शरदात खऱ्या मोसमात उतरणारी नवी पोरे कशी आहेत, हे पाहायला माणसे येतात. रेवड्यांच्या कुस्तीला बसलेले म्हातारे आणि हे लोक एकाच जातकुळीचे म्हटले पाहिजेत. आपल्या महाविद्यालयातील सामन्यांची तारीख मात्र खेळाडूंखेरीज कोणाला कळत नाही. सूचनाफलकावर ती लागते ती परीक्षा अर्जाच्या सूचनेखाली. वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसणारा मुलगा विद्यापीठात खेळून आला, हे मला स्नेहसंमेलनात कळले!

आता हगाम्यातील एका उणिवेबद्दल लिहिलेच पाहिजे. वर जो ‘बघणारा’ म्हटला, तो सगळा पुरुषवर्ग. वर्गणी घरटी असते, म्हणजे त्यात आईच्या खुरप्याचा पैसाही असतो. पण आखाड्याच्या कडेला बाईने बसण्याची रीत नव्हती. आम्ही मुली आणि बायका जवळच्या घरांच्या गच्चीवरून पाहत असू. वर हलगी ऐकू येई, पण जोड मोडायला आमचा आवाज खाली पोहोचत नसे. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. २०२५ चा किताब आपल्या श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंडने आणला. त्यामुळे अलीकडे काही गावांच्या हगाम्यांत मुलींच्याही कुस्त्या लावतात. आमच्या गावी गेल्या यात्रेत अशी एक जोड लागली. इनाम दोनशे एक पुकारले. आकडा वर ऐकू आला तेव्हा माझ्या चुलतीने रुमाल पसरला. दहा-वीसच्या नोटा जमल्या, आणि गाठ मारून रुमाल एका पोराजवळ खाली पाठवला. पुकारणाऱ्याने देणाऱ्याचे नाव विचारले. पोराला काय सांगावे सुचेना. शेवटी कर्ण्यावरून पुकारा झाला, “ह्या कुस्तीला गच्चीवरल्या बायांकडून तीनशे चाळीस!” सगळी गर्दी मान वर करून पाहू लागली. कुस्ती बरोबरीत सुटली आणि इनाम दोघींना निम्मे-निम्मे वाटण्यात आले.