रोजा आणि चहाची तलफ

एकादशीला चहा चालतो, मग रोज्याला का नाही? रमजान लागला की बेलापुरात हा प्रश्न कोणी ना कोणी शेजाऱ्याला विचारतोच. उपासाला काय चालते याचा नियम असतो. रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही, तिथे चहा कुठला! पण खरे सांगायचे तर भुकेपेक्षा चहावाचून हैराण होणारे रोजेदारच जास्त.

त्यात नवल नाही. प्रवराकाठचा हा मुलूख उसाचा आणि दुधाचा. हरेगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना जुना. पुढे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू केला. साखर घरची, दूध घरचे, फक्त पत्ती परमुलखाची. तीही बहुधा सीटीसी, म्हणजे दातेरी रुळांतून पाने चिरडून, फाडून, वळवून केलेली दाणेदार पूड. ही रीत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. थोड्या पुडीत गडद रंग येतो, दुधात उकळायला हीच बरी. दार्जिलिंगचे नाजूक पान असे उकळले तर वायाच जायचे.

या कडक चहातले कॅफिनच पहिले दोन-तीन रोजे जड करते. दिवसाला पाच-सहा कप घेणाऱ्याने ते एकदम तोडले की १२ ते २४ तासांत डोके ठणकू लागते, आणि दोष मात्र उपाशी पोटाला जातो. शाबान महिन्यातच रोज थोडा थोडा चहा कमी करत आणला, तर हा त्रास बराच टळतो. सहेरीला एक कप ठीक. तीन-चार कप रिचवून दिवस निघेल, हा हिशेब फसतो. पाच-सहा तासांत निम्मा अंमल उतरतो, वर फजरनंतरची झोपही जाते.

इफ्तारलाही खजूर-पाण्यावर लगेच चहा नको. चहातले टॅनिन जेवणातले लोह अंगी लागू देत नाही. दिवसभर रोजा ठेवून सगळ्यांचे ताट वाढणाऱ्या, आधीच रक्त कमी असलेल्या बायकांनी तर हे जपावेच. मगरिबनंतर जेवण उरकून तासाभराने, तरावीहला निघण्याआधी घेतलेला कप उत्तम. इफ्तारला आलेला शेजारी आल्या आल्या चहा मागेल, तर त्याला देऊन टाकावा. पण सोबत म्हणून आपला कप भरू नये.