हलणाऱ्या पाइपाचा आधार

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात शटडाऊन चालू होता. रॅकवर हायड्रोक्लोरिक आम्लाची नवी लाइन चढत होती. हे आम्ल साध्या पोलादाला खाऊन टाकतं, म्हणून पाइप पॉलिप्रॉपिलिनचा. रॅक मात्र पोलादी पाइपांच्या हिशेबाने बांधलेला, दर सहा मीटरला एक बीम. दोन इंची प्लॅस्टिकच्या पाइपाला जेमतेम दीड मीटरवर टेकू लागतो, आम्ल कोमट असेल तर त्याहूनही जवळ. टेकू नसला की पाइप झोळ धरतो. तो झोळ वर्षागणिक वाढत जातो, त्यात आम्ल साचून राहतं आणि पुढे कधीतरी फ्लँज उघडणाऱ्याच्या अंगावर येतं.

म्हणून लाइन चढवणाऱ्या मिस्त्रींनी बीम ते बीम सलग अँगल टाकला होता, त्याच्या खोबणीत पाइप निजवायचा. अँगलच्या कडा ग्राइंडरने घासून त्यांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं. धारदार कड राहिली तर पाइप सरकताना ती दर वेळी त्याच जागी ओरखडा काढते.

आणि पाइप सरकतोच. तीस मीटर लाइनचं तापमान तीस अंशांनी वाढलं तर पोलाद साधारण एक सेंटिमीटर लांबतं, पॉलिप्रॉपिलिन तेरा! कोकणातल्या उन्हाळ्यात पहाट आणि दुपार यांच्यातच यातला बराच फरक पडतो. त्या वाढीला जागा म्हणून मध्ये लूप ठेवतात. दोन लूपांमध्ये एकच ठिकाण पक्कं, बाकी सगळे क्लॅम्प फक्त वाट दाखवायला.

हाताखालच्या पोराने एक क्लॅम्प करकचून आवळला. मिस्त्रींनी तो सैल करायला लावला.

"काका, हलतोय की पाइप."

"हलायलाच पाहिजे. धरून ठेवलास तर एल्बोला तडा जाईल."

व्हॉल्व्हचं त्यांनी वेगळं केलं. त्याला रॅकवरूनच स्वतंत्र ब्रॅकेट दिला, म्हणजे त्याचं वजन आणि चाक फिरवतानाचा हिसका पाइपावर येत नाही. पाइप तापून जास्त झोळ धरू नये म्हणून वाफेची लाइनही दूर ठेवली होती.

हे सगळं मिस्त्रींच्या हाताला ठाऊक होतं, ड्रॉइंगवर मात्र नुसती एक रेघ होती. दुसऱ्या ठिकाणी दुसरा फिटर त्याच रेघेवरून यू-बोल्ट आवळून मोकळा होईल. डिझाइन करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: प्लॅस्टिकच्या लाइनचा प्रत्येक आधार, पक्का कुठे आणि सरकता कुठे, ड्रॉइंगवरच दाखवा. खालून ये-जा करणाऱ्या माणसांचा जीव त्यावर अवलंबून आहे.