पारखणारा आणि घडवणारा

घोडेगावच्या बाजारात जनावर घेणारा नुसती शिंगे पाहत नाही, चालवूनही पाहतो. केशवराव भोळे गाणे असेच पारखीत. स्वतः गात, आणि 'एकलव्य' या टोपणनावाने गायकांची परीक्षणे लिहीत. पुढे परीक्षकाचीच परीक्षा झाली! 1936 साली 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'ला त्यांनी संगीत दिले. त्यातले शांताराम आठवल्यांनी रचलेले एक पद लोकांना तुकोबांचाच अभंग वाटले. का बरे? शब्द अभंगाच्या वळणाचे, चाल भजनासारखी साधी. दुसऱ्याच्या गाण्यातले जास्तीचे ज्याला दिसते, त्याला आपल्या चालीतले गाळताही येते. आपल्या नेवाशाच्या ज्ञानोबांवरील 1940 च्या 'संत ज्ञानेश्वर'चे संगीतही त्यांचेच. तेव्हा गुरुजी, गाणारा मुलगा गाण्याविषयी लिहू लागला, तर त्याला अडवू नका.