हळद आणि वामकुक्षी

हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याहून एका वाचकाने विचारलं आहे : 'आमच्याकडे घरात पोत्यांनी हळद असते, रोजच्या जेवणात असते. तरी आईला स्मृतिभ्रंश कसा झाला? आणि सकाळी बरी असणारी आई चार वाजले की "मला घरी जायचंय" म्हणत दाराकडे का जाते?' विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या आडनावातलं हे गाव. तिथला माणूस पुरावा मागणारच.

आधी हळद. तिची कीर्ती वाढायला हरियाणातलं बल्लभगढ बरंच कारणीभूत आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या खेड्यांमध्ये अल्झायमरचे नवे रुग्ण फारच कमी आढळले. वयातला फरक जमेस धरूनही हे प्रमाण अमेरिकेतल्या मोनोंगहेला खोऱ्याच्या साधारण पाव भरत होतं. संशोधकांनी स्वतः सावधपणे पाहणीचा अपुरा काळ हे एक कारण मांडलं होतं. पण लोकांनी स्वयंपाकघरात जाऊन हळदीचा डबा शोधून काढला. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लॉस एंजेलिसमध्ये अल्झायमरच्या रुग्णांना चोवीस आठवडे हळदीतलं कर्क्युमिन देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही. ते रक्तात पोहोचतंच मुळी नगण्य. आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. तुमच्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते पिकाला. स्मरणशक्तीची हमी त्यात नाही.

नव्या औषधांबद्दलही मथळे जरा जपून वाचावेत. लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या गाजलेल्या चाचणीत दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध देऊन दीड वर्षानंतर पडलेला फरक होता १८ गुणांच्या मापावर ०.४५ गुणांचा. आजार थांबला नाही, त्याची चाल थोडी मंदावली.

आता चार वाजताची गोष्ट. तिच्यावर सर्वांत उपयोगी विचार केला तो दोन परिचारिकांनी, आणि त्यांची नावं आपल्याकडे कुणी घेत नाही. जेरी हॉल अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या रुग्णालयात परिचारिका होत्या आणि कॅथलीन बकवॉल्टर तिथेच नर्सिंगच्या प्राध्यापक. मक्याच्या शेतांनी भरलेलं आयोवा हे राज्य तसं आपल्यासारखंच शेतकऱ्यांचं, आणि खेड्यातल्या वृद्धांचं मानसिक आरोग्य हा बकवॉल्टरबाईंच्या कामाचा मोठा भाग. दोघींनी १९८७ साली एक मॉडेल मांडलं. ते सांगायला हिंगोलीकरांना सिद्धेश्वर धरण पुरे. समजा, धरणात पाण्याची आवक नेहमीइतकीच आहे, पण भिंत मात्र दरवर्षी हातभर खचते आहे. आवक तीच असून धरण आता लवकर ओसंडणार. मेंदूची ताण सोसायची भिंत स्मृतिभ्रंशात अशीच उतरत जाते. सकाळी धरण रिकामं असतं. मग अंघोळीची घाई, टीव्हीचा आवाज, पाहुण्यांचं 'मला ओळखलंत का?', न उमगलेलं एखादं काम, असं पाणी साचत जातं आणि चारच्या सुमारास सांडव्यावरून वाहू लागतं. त्यालाच आपण 'आई बिघडली' म्हणतो. शरीराच्या घड्याळातला बिघाडही यात भर घालतो, हे खरं.

पण धरण ओसंडायच्या आत पाणी सोडता येतं! हॉल-बकवॉल्टर यांचा उपाय तोच : सकाळी एकदा आणि दुपारी एकदा ठरलेली विश्रांती, दिनक्रम ठरावीक, आवाज कमी, झेपेल तेवढंच काम. एरवी शांत असणारं माणूस अचानक बिथरलं तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दातदुखी तपासायची. त्याला दुखतंय हे सांगता येत नसतं. आयोवातल्याच लिंडा गर्डनर या परिचारिकेने यात संगीत आणलं. त्या माणसाच्या आवडीचंच, आणि बिथरण्याच्या नेहमीच्या वेळेच्या अर्धा तास आधी. म्हणजे आईची चारची वेळ असेल तर तिच्या आवडीची भजनं साडेतीनला लावायची. हे सगळं औषधाच्या दुकानात मिळत नाही, म्हणूनच बहुधा त्याच्या जाहिराती येत नाहीत.

हे आपल्याकडे जमेल का, याचं उत्तर गोव्यातून आलं आहे. २००१ साली विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंशाला लोक वयाचाच भाग समजत आणि मुलांनी माया केली नाही, हेळसांड केली म्हणून असं झालं, असंही म्हणत. म्हणजे सून रात्रभर जागायची आणि वर बोलही तिलाच. पुढे अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिसवाडी व बार्देश तालुक्यांतली ८१ कुटुंबं घेऊन प्रयोग केला. गावातल्याच माणसांना आठवडाभर शिकवून सल्लागार केलं. पदवीची अट नव्हती. सहा महिने ती पंधरा दिवसांतून एकदा तरी घरी जात, आजार समजावत, ऐकून घेत. २००८ साली निकाल आला : सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, वागणुकीचा त्रास त्यांना कमी जाणवू लागला. रुग्णांच्या लक्षणांत मात्र खात्रीने म्हणावा असा फरक पडला नाही. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो, म्हणून जास्त विश्वासाचाही.

सांभाळणाऱ्याचा भार ही काही केवळ मनाची समजूत नव्हे. ओहायोत जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ साली स्मृतिभ्रंशाचे रुग्ण सांभाळणाऱ्या तेरा स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. ती भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले.

हा भार मोजायची प्रश्नावली स्टीव्हन झॅरिट यांनी १९८० मध्ये केली, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. रुग्ण किती त्रास देतो यावर भार ठरत नव्हता. बाकीचे नातलग त्याला भेटायला किती वेळा येतात, याच्याशी तो जोडलेला होता. तेव्हा पुण्यातून फोनवर हळदीच्या गोळ्या सुचवणारे भाऊ असतील, तर त्यांना महिन्यातून दोन दिवस कुरुंद्याला राहायला बोलवा. एकदम सगळे नकोत, आळीपाळीने. आणि दुपारी तीनच्या आत.